कृती नको, यादी द्या!

पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय हा संगणक घरचा सर्व्हर म्हणून चोवीस तास चालतो, वीजही जेमतेम खातो. पंचाईत होते ती मेमरी कार्ड मेल्यावर. सगळं पुन्हा उभारायचं, पण दोन वर्षांपूर्वी कुठली कमांड दिली होती, कुणाला आठवतंय? निक्सओएस या लिनक्स प्रणालीची तऱ्हा वेगळी. कृती सांगायचीच नाही. शेवटी काय हवं तेवढं एका फाइलीत लिहायचं: एसएसएच चालू, फायरवॉलमध्ये अमुक पोर्ट उघडं. जुळवाजुळव यंत्रणा करते. बदल फसला, तर आधीची आवृत्ती निवडून मागे जाता येतं. यामागच्या निक्स या पॅकेज व्यवस्थापकाची मांडणी एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठातल्या २००६च्या पीएचडी प्रबंधात केली. निक्सची भाषा मात्र किचकट, सुरुवातीला डोकं फिरवणारी. आणि फाइलीतून परत उभा राहतो तो सर्व्हर, त्यावरचे फोटो नव्हेत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.