पडद्यावरच्या बाणामागची कसरत

माऊस हलवला की पडद्यावरचा बाण हलतो, याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. मात्र माऊसला त्या बाणाची कल्पनाही नसते. बाण पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, त्याच्याखाली कोणते चिन्ह आहे, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नसते. ‘इतके डावीकडे, इतके वर आणि हे बटण दाबलेले’ एवढाच निरोप तो संगणकाकडे धाडतो. बाकीचे सारे आज्ञावलीला घडवावे लागते. १९८० च्या दशकातील पर्सनल कॉम्प्युटरवर हे काम चांगलेच जिकिरीचे होते.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माऊस १९६४ साली तयार केला. १९७३ च्या झेरॉक्स अल्टो या संगणकावर तो नित्याच्या वापरात आला. तरीही ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यात माऊसचा विचारच नव्हता. त्यासाठी वेगळे पोर्ट नव्हते आणि डॉस या कार्यप्रणालीलाही माऊस म्हणजे काय हे माहीत नव्हते. अॅपलने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये बाण दाखवण्याची जबाबदारी संगणकाच्या मूळ यंत्रणेवरच सोपवली. आयबीएमच्या संगणकावर मात्र ती जबाबदारी कोणाचीच नव्हती. मायक्रोसॉफ्टने १९८३ मध्ये दोन बटणांचा माऊस विक्रीस आणला, तेव्हा ही उणीव भरून काढण्याचे कामही त्या कंपनीला करावे लागले.

तीन बाइटांचा निरोप

पुढे सीरियल पोर्टला जोडायचे माऊस रूढ झाले. त्यांना वेगळा वीजपुरवठा नसे. पोर्टच्या संकेतवाहक तारांमधूनच ते आपल्यापुरती वीज घेत. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत माऊस सेकंदाला १२०० बिट या वेगाने बोलत असे आणि त्याचा प्रत्येक निरोप तीन बाइटांचा असे. प्रत्येक बाइटात माहितीचे सात बिट असत. आरंभ व अखेरीच्या खुणा धरल्या तर एका निरोपाला २७ बिट लागत. म्हणजे सेकंदाला जेमतेम ४४ निरोप. पहिल्या बाइटात एक खुणेचा बिट असे. एखादा बाइट वाटेत हरवला, तर ती खूण पुन्हा दिसेपर्यंत थांबायचे आणि मग नव्याने मोजणी सुरू करायची. माऊस सिस्टिम्स या कंपनीचा तीन बटणांचा माऊस मात्र पाच बाइटांचा निरोप पाठवी. प्रत्येक आज्ञावलीने प्रत्येक माऊसची भाषा शिकायची म्हटले असते, तर माऊसचा प्रसार तेथेच खुंटला असता.

यावर तोडगा होता ड्रायव्हरचा. संगणक सुरू होताना स्मृतीत शिरणारी आणि तेथेच मुक्काम ठोकणारी ही छोटी आज्ञावली माऊस आणि इतर आज्ञावल्या यांच्यातील दुभाषा होती. तिला हाक मारण्यासाठी मायक्रोसॉफ्टने षोडशमान पद्धतीतील ३३ या क्रमांकाचे इंटरप्ट निवडले. प्रोसेसरच्या एएक्स या रजिस्टरमध्ये विनंतीचा क्रमांक ठेवायचा आणि इंटरप्ट द्यायचे. शून्य दिल्यास माऊस आहे की नाही हे कळे. १ दिल्यास बाण दिसे, २ दिल्यास दडे आणि ३ दिल्यास त्याचे स्थान व बटणांची स्थिती मिळे. लॉजिटेकसारख्या स्पर्धकांच्या ड्रायव्हरनीही हेच दार उघडे ठेवले. माऊसच्या हालचाल मोजण्याच्या एककाला ‘मिकी’ असे गमतीदार नाव मिळाले. सुमारे एक इंचाचा दोनशेवा भाग म्हणजे एक मिकी.

पडद्याचा मालक कोण?

खरी अडचण पुढेच होती. बाण चितारताना ड्रायव्हर त्याच्याखालचे चित्र जपून ठेवी आणि बाण सरकला की ते परत जागेवर ठेवी. पण त्या मधल्या काळात आज्ञावलीने तेथेच काही नवे रेखाटले तर? ड्रायव्हर निष्ठेने जुनाच तुकडा परत बसवी आणि नव्या चित्राला भोक पडे. म्हणून पडद्यावर काहीही काढण्यापूर्वी बाण लपवायचा आणि काम होताच पुन्हा दाखवायचा, हा दंडक प्रत्येक प्रोग्रामरला पाळावा लागे. ड्रायव्हर याचा हिशेबही ठेवी. दोनदा लपवलेला बाण एकदा ‘दाखव’ म्हटल्याने येत नसे, दोनदा म्हणावे लागे. हिशेब चुकला की बाण गायब! वापरणाऱ्याला मात्र माऊसच बिघडला असे वाटे.

आयबीएमच्या १९८४ मधील ईजीए या ग्राफिक्स कार्डाने गुंता आणखी वाढवला. त्याच्या बहुतेक रजिस्टरांमध्ये लिहिता येई, पण लिहिलेले परत वाचता येत नसे. आज्ञावली अर्धे चित्र काढत असताना माऊस हलला, की ड्रायव्हर मध्येच शिरून रजिस्टर बदली. ती पूर्ववत करायला आधीचे मूल्य त्याला कळण्याची सोय नव्हती. तेव्हा आज्ञावलीने रजिस्टरांना थेट हात न लावता ड्रायव्हरमार्फतच लिहावे आणि त्याने प्रत्येक मूल्याची नोंद ठेवावी, अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने केली. १९८७ च्या व्हीजीएमध्ये रजिस्टर वाचण्याची सोय आली आणि हा जाच संपला.

या साऱ्या अडचणींचे मूळ एकच होते. एकाच पडद्यावर दोघे लिहीत होते आणि दोघांवर नियंत्रण ठेवणारा तिसरा कोणी नव्हता. विंडोजने ती जागा घेतली. १९९० च्या विंडोज ३.० नंतर हे चित्र सर्वदूर बदलले. पडदा आणि माऊस दोन्ही कार्यप्रणालीच्या ताब्यात गेले. आज्ञावलीला आता ‘या ठिकाणी बटण दाबले गेले’ असा तयार संदेश मिळू लागला.

तरीही ते जुने दार पूर्ण बंद झालेले नाही. भारतातील अनेक महाविद्यालयांत टर्बो सी दीर्घकाळ शिकवले गेले आणि विंडोजच्या जमान्यातही विद्यार्थी इंटरप्ट ३३ ला हाक मारून बाण हलवत राहिले. जुने खेळ नव्या संगणकांवर चालवणारे डॉसबॉक्स हे सॉफ्टवेअर आजही त्या हाकेला उत्तर देते. आजचा प्रोग्रामर बाणाची चिंता करत नाही, कारण ती वाहण्याचे काम कार्यप्रणालीने कायमचे आपल्याकडे घेतले आहे.