घर दुरुस्तीला काढलं आणि भूत जन्माला आलं!

'झपाटलेल्या वाड्या'ची गाजलेली कादंबरी ज्याने लिहिली, तो स्वतः भुतांवर हसणारा माणूस होता. मग त्याच्या घराच्या जिन्यावर तो अवाढव्य हात आला कुठून?

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडमधल्या एका गृहस्थाने यातली पहिली गोष्ट जवळजवळ तीस वर्षं करून पाहिली. दुसरीच्या वाटेला मात्र तो जन्मात गेला नाही. त्याचं नाव होरेस वॉलपोल. इंग्लंडचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे सर रॉबर्ट वॉलपोल यांचा हा धाकटा मुलगा. जन्म १७१७ चा. पैसा होता, पार्लमेंटची जागा होती, घराण्याचं नाव होतं. अशा मुलाला स्थळांची काय कमतरता? पण हे चिरंजीव शेवटपर्यंत अविवाहित राहिले आणि त्यांनी सारा जीव लावला तो एका घराच्या दुरुस्तीवर.

दुरुस्ती चालू असतानाच त्याला एक स्वप्न पडलं. स्वप्नातून एक कादंबरी निघाली. वाचकहो, आज सिनेमात आणि टीव्हीवर दिसणारी प्रत्येक 'पुरानी हवेली', तिचं भुयार, तिचा करकरणारा दरवाजा आणि भिंतीवरची टक लावून पाहणारी तसबीर यांचं मूळ शोधत गेलात, तर याच घराच्या जिन्यापाशी येऊन पोहोचाल.

खेळणीवालीची कोठी

लंडनजवळ थेम्स नदीकाठी ट्विकनहॅम नावाचं गाव होतं. तिथे एका उमरावाच्या गाडीवानाने १६९८ साली बांधलेलं एक साधंसं घर होतं. ते लंडनमध्ये खेळण्यांचं आणि शोभेच्या वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या ताब्यात होतं. १७४७ मध्ये वॉलपोलने ते भाड्याने घेतलं आणि पुढे विकतच घेतलं. जुन्या कागदपत्रांत त्याला त्या जमिनीचं नाव सापडलं, 'स्ट्रॉबेरी हिल'. झालं! घराचं बारसं झालं.

त्या काळी श्रीमंत इंग्रज ग्रीक देवळांसारखी सरळ खांबांची, मोजूनमापून आखलेली घरं बांधत. वॉलपोलने नेमकं उलटं केलं. त्याला हवा होता चारशे वर्षांपूर्वीचा किल्ला. टोकदार कमानी, रंगीत काचा, बुरूज, आणि आत शिरताच अंगावर येणारा अंधार. या अंधाराच्या गोडीसाठी त्याने इंग्रजीत एक नवा शब्दच तयार केला होता. शब्द घडवण्याची त्याला हौसच होती. अनपेक्षितपणे काही छान हाती लागणं, याला इंग्रजीत 'सेरेंडिपिटी' म्हणतात. तो शब्दही त्याचाच, १७५४ सालचा. सेरेंडिप म्हणजे आपल्या शेजारची श्रीलंका.

पण किल्ला होता सगळा नाटकातला! गॅलरीचं छत वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या राजाच्या चॅपेलवरून उचललेलं, पण दगडाचं नव्हे, कागदाच्या लगद्याचं. शेकोट्यांची नक्षी राजेलोकांच्या कबरींवरून घेतलेली. जिन्याच्या भिंतीवर कोरीव दगडाचा भास देणारा रंगवलेला कागद. जिन्याच्या वरच्या टोकाला चिलखतं, भाले, तलवारी आणि गेंड्याच्या कातड्याच्या चक्क हिंदुस्थानी ढाली! ही सगळी आपल्या पूर्वजाने धर्मयुद्धात मिळवलेली लूट, असं तो मिश्कीलपणे मित्रांना लिहायचा. आणायचं बाजारातून आणि सांगायचं खापरपणजोबांचं!

घर इतकं गाजलं की बघ्यांची रीघ लागली. शेवटी वॉलपोलने तिकिटं छापली. दिवसाला फक्त चारजणांची एक तुकडी. लहान मुलं आणायला सक्त मनाई.

कॉक लेनचं भूत

एवढा भुताटकीचा देखावा उभारणारा हा माणूस भुतांवर विश्वास ठेवत होता का? मुळीच नाही. त्याचा पुरावा १७६२ सालचा आहे.

त्या वर्षी लंडनच्या कॉक लेन नावाच्या बोळातल्या एका घरात रात्री ठकठक आवाज येऊ लागले. त्या घरात पूर्वी राहून गेलेल्या एका बाईचं भूत बोलतंय, तिला तिच्या माणसाने विष घातलं होतं, अशी बोंब उठली. सारं लंडन तिकडे लोटलं. वॉलपोलही गेला, तोही राजाच्या भावाला आणि दोन उमराव बायकांना बरोबर घेऊन, भाड्याच्या घोडागाडीत दाटीवाटीने बसून. धो धो पाऊस. एवढ्याशा खोलीत पन्नासेक माणसं आणि एकच मेणबत्ती. रात्री दीडपर्यंत वाट पाहिली, पण भूत काही आलं नाही. ते सकाळी सातला येईल, असं त्यांना सांगण्यात आलं! वॉलपोलने पत्रात या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली आहे.

पुढे चौकशी झाली. चौकशी करणाऱ्यांत प्रसिद्ध कोशकार डॉक्टर जॉन्सनही होते. ठकठक करत होती त्या घरातली लहान मुलगी, कपड्यांत लाकडाचा तुकडा लपवून! तिच्या बापाला तुरुंगवास झाला.

म्हणजे वॉलपोल फसणारा गडी नव्हता. मग दोनच वर्षांनी त्याच्या हातून भुताची कादंबरी कशी लिहिली गेली?

जिन्यावरचा हात

जून १७६४ मधली एक सकाळ. वॉलपोल स्वप्नातून जागा झाला. स्वप्नात तो एका जुन्या किल्ल्यात होता आणि भल्यामोठ्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर त्याला चिलखत घातलेला एक राक्षसी हात दिसला होता. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला. काय लिहायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, असं त्याने नंतर एका मित्राला पत्रात सांगितलं. दोन महिन्यांच्या आत पुस्तक तयार झालं, 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'.

कथा अशी. किल्ल्याचा मालक मॅनफ्रेड याच्या मुलाचं लग्न आहे. ऐन मुहूर्ताला आकाशातून एक प्रचंड शिरस्त्राण कोसळतं आणि नवरामुलगा त्याखाली चिरडतो. वंश चालावा म्हणून मॅनफ्रेड होणाऱ्या सुनेशीच लग्न करायला निघतो. ती भुयारातून पळते. आजोबांची तसबीर उसासा टाकते आणि चौकटीतून उतरून चालू लागते. पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकतं. शेवटी उलगडतं की हा किल्ला या घराण्याचा नाहीच. आजोबाने खऱ्या मालकाला विष घालून तो बळकावला होता. दडवलेलं सत्य इतकं मोठं होत जातं की भिंतींत मावत नाही. किल्ला कोसळतो.

आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं, नाही? १९४९ च्या 'महल'मध्ये अशोककुमार जुन्या हवेलीत आपल्यासारखाच चेहरा असलेली तसबीर पाहून दचकतो. १९५८ च्या 'मधुमती'तही हवेली आणि तसबीर आहेच. वाड्याचं पाप वाड्यातच उगवतं, ही कल्पना आपल्या आजीच्या गोष्टींतही होती. पण छापील कादंबरीत ती पहिल्यांदा आणली वॉलपोलने. चालणारी तसबीर कुठून सुचली, हेही त्याने सांगून ठेवलंय. त्याच्या गॅलरीत पांढऱ्या वेशातल्या एका लॉर्डचं चित्र होतं!

मित्रांची समिती

आता या घराच्या दुसऱ्या गुपिताकडे वळू.

स्ट्रॉबेरी हिल वॉलपोलने एकट्याने सजवलं नाही. त्याच्याबरोबर मित्र होते. त्यांनी गमतीने स्वतःला 'अभिरुची समिती' म्हणवून घेतलं होतं. त्यातला सर्वांत जवळचा जॉन च्यूट. दोघांची गाठ १७४० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पडली होती. च्यूटही अविवाहित. पुढे छत्तीस वर्षं, म्हणजे १७७६ मध्ये च्यूट जाईपर्यंत ही मैत्री टिकली. तो गेल्यावर वॉलपोल अगदी खचून गेला. शाळेपासूनचा मित्र, कवी थॉमस ग्रे, हाही आजन्म अविवाहित.

आणि सर्वांत हळवा कोपरा होता मावसभाऊ हेन्री कॉनवे याच्यासाठी. कॉनवे सेनाधिकारी आणि संसारी माणूस. एप्रिल १७६४ मध्ये सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून त्याला पदावरून काढलं, तेव्हा वॉलपोलने आपली मालमत्ता त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्या बाजूने एक पुस्तिकाही छापली. स्वप्न पडलं ते याच धामधुमीत.

ऑगस्टमध्ये सरकारच्या बाजूने विल्यम गथ्री या लेखकाने उत्तर छापलं. त्यात राजकारण कमी आणि चिखलफेक जास्त होती. वॉलपोल धड पुरुष नाही, तो कॉनवेवर वर्षानुवर्षं एकतर्फी जीव लावून बसलाय, असे टोमणे त्यात होते. आज आपण याला घाणेरडी टीका म्हणून सोडून देऊ. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवणं हा फाशीचा गुन्हा होता. १५३३ सालचा कायदा होता तो. अशा पुरुषांना शेवटची फाशी १८३५ मध्ये झाली आणि फाशीची तरतूद निघाली १८६१ मध्ये.

मग वॉलपोल समलिंगी होता का? १९९६ मध्ये टिमथी मोल या चरित्रकाराने ठामपणे 'हो' म्हटलं. इतर अभ्यासक सावध आहेत. वॉलपोलची हजारो पत्रं उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या येल विद्यापीठाने ती ४८ खंडांत छापली. त्यांत विनोद आहे, राजकारण आहे, मित्रांवरची उत्कट माया आहे. कबुली मात्र कुठेच नाही. आणि असावी तरी कशी? 'होमोसेक्शुअल' हा शब्दच मुळी १८६९ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. जी गोष्ट लिहिली तर गळ्याला फास, ती कोण कागदावर ठेवील?

मुखवटा

डिसेंबर १७६४ मध्ये कादंबरी बाहेर आली, तेव्हा तिच्यावर वॉलपोलचं नाव नव्हतं. ओनुफ्रिओ मुराल्टो नावाच्या इटालियन पाद्र्याने लिहिलेलं जुनं पुस्तक, अनुवाद विल्यम मार्शल, अशी बतावणी केली होती. दोन्ही माणसं काल्पनिक! पाचशे प्रती हातोहात संपल्या. मग १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने प्रस्तावनेत कबूल केलं, हे मीच लिहिलंय. जुनं पुस्तक समजून कौतुक करणाऱ्या टीकाकाराने ते आजचं आहे कळताच नाक मुरडलं. माणूस तोच, शब्द तेच. फक्त मुखवटा उतरला होता.

तो उन्हाळ्यातल्या अपमानामुळे लपला, की नुसत्या हसण्याच्या भीतीने, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण कथेतला धागा पाहा. एक घर, त्यात दडवलेलं सत्य, आणि वंश चालवण्यासाठी कसंही करून लग्न लावण्याचा आटापिटा. सगळं अरिष्ट लग्नमंडपातच कोसळतं. लग्न न केलेल्या माणसाने हे लिहावं, याला योगायोग म्हणायचं का, ते वाचकांनीच ठरवावं.

तो एकटाही नव्हता. विल्यम बेकफर्ड या अतिश्रीमंत तरुणाचं नाव १७८४ मध्ये एका कोवळ्या उमराव मुलाशी जोडलं गेलं आणि समाजाने त्याला वाळीत टाकलं. १७८६ मध्ये त्याची 'वाथेक' ही सैतानी अद्भुतकथा प्रसिद्ध झाली. पुढे त्यानेही उंच भिंतीआड 'फाँटहिल ॲबे' नावाचा आपला प्रचंड मनोरा उभारला. तो मनोरा १८२५ मध्ये खरोखरच कोसळला.

घराचा वारस

वॉलपोल १७९७ मध्ये वारला. घर त्याने हयातभरासाठी कुणाला द्यावं? कॉनवेच्या मुलीला, ॲन डेमरला! ही बाई शिल्पकार. नवऱ्याने १७७६ मध्ये आत्महत्या केलेली. तिच्या मैत्रिणींवरून लंडनमध्ये चावट पत्रकं निघत. अशा बाईच्या हाती वॉलपोलने आपल्या जन्माची कमाई सोपवली. १८११ मध्ये तिने घर सोडलं. १८२८ मध्ये ती गेली, तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे तिचे कागद जाळून टाकण्यात आले. म्हणजे याही दाराला कुलूपच!

१८४२ मध्ये घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. तो चोवीस दिवस चालला. पुढे घर जीर्ण झालं. मग एका विश्वस्त संस्थेने ते पुन्हा दुरुस्तीला काढलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये लोकांसाठी उघडलं. काळाने मळलेल्या भिंती पुन्हा पांढऱ्याशुभ्र झाल्या, गॅलरीला पुन्हा लाल रेशमी कापड चढलं. कागदाच्या लगद्याचं ते छत अजून शाबूत आहे.

जाता जाता एक गोष्ट. इंग्रजांचा तो कायदा समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत त्याला ३७७ वं कलम म्हणत. इंग्लंडने आपला कायदा १९६७ मध्ये सैल केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल दिला. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं आपल्याकडेही किती घरांत असे न लग्न केलेले काका, मामा, आत्या होऊन गेले असतील. सगळ्यांचं करणारे, घर नीटनेटकं ठेवणारे, एका मित्राची किंवा मैत्रिणीची पत्रं ट्रंकेत जपणारे. त्यांच्याबद्दल विचारलं की घरातली मोठी माणसं विषय बदलायची.

कॉक लेनमध्ये ठकठक करणारी ती मुलगी सापडली, म्हणून भूत गेलं. स्ट्रॉबेरी हिलच्या जिन्यावरचा तो हात कुणाचा, हे मात्र अजून उमगलेलं नाही. वॉलपोलने ते कुणाला सांगितलं नाही. त्याला तेवढी मोकळीक नव्हती. आपल्या घरातल्या माणसाला ती आज देता येते. त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही, जवळ बसून प्रेमाने विचारलं तरी पुरे.