बाबांच्या सायकलीला तिसरे चाक

लकव्याच्या झटक्यानंतर आठव्या महिन्यात आमचे बाबा काठी टेकत अंगणात आले, भिंतीला लावून ठेवलेल्या सायकलीच्या सीटवरून उजवा हात फिरवला आणि म्हणाले, "इले हवा तरी भरत जा रे." आम्ही दोघे भाऊ आणि बहीण, तिघेही तिथेच उभे होतो. कोणालाच बोलता आले नाही.

ती काळी, बावीस इंची, दांड्याच्या ब्रेकची सायकल म्हणजे आमच्या घरातला चौथा भाऊच. तिच्यावरून बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पाळीला जात. तिच्या दांड्यावर बसून आम्ही विजयादशमीला दीक्षाभूमी पाहिली. रविवारच्या वंदनेला बाबा तिच्यावरूनच विहारात जात. झटक्यानंतर दोनदा आम्ही त्यांना ऑटोने नेले. तिसऱ्या रविवारी ते उठलेच नाहीत. "मी काय सामान आहो का, उतरवाले अन् चढवाले?" असे म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आईचा सल्ला होता की शिबिरात मिळते ती हाताने चालवायची तीनचाकी मागून घ्यावी. केंद्र सरकारची साहाय्यक साधने देण्याची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे, आणि कानपूरच्या 'एलिम्को'ने बनवलेल्या तीनचाक्या तिच्यातून वाटल्या जातात. निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला ज्यांच्याकडे आहे त्यांनी संकोच न करता अर्ज करावा. ती भीक नव्हे, हक्क आहे. २०१६ च्या कायद्याने तर अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. पण आमच्या बाबांना ती गाडी चालणारी नव्हती. तिला दोन्ही हातांत बळ लागते आणि पायांचे काम नसते. बाबांचे उलटे. डावा हात जवळजवळ निकामी, उजवा पाय ठणठणीत आणि डावा पाय हळूहळू का होईना, दाबतो. त्यांना पायडल मारता येत होते, फक्त तोल सांभाळता येत नव्हता. म्हणजे त्यांना हवे होते ते एवढेच, की सायकलीने पडू नये.

डॉक्टरांना विचारले. त्यांनी पायडल मारायला हरकत घेतली नाही, पण आधी डोळे तपासून घ्यायला सांगितले. लकव्यानंतर काहींना एका बाजूचे दिसतच नाही आणि माणसाला ते स्वतःला कळतही नाही. अशा माणसाला रस्त्यावर सोडणे धोक्याचे. बाबांची नजर दोन्ही बाजूंनी ठीक निघाली. वाचकांपैकी कोणी आमच्यासारखे करायला निघणार असेल तर त्याने पहिले पाऊल हेच टाकावे, पाना नंतर हातात घ्यावा.

बाबांनी एक अट घातली. "माह्या सायकलीले करवत लावाची नाही. वेल्डिंगचा टाका बी नाही." बरे झाल्यावर आपण पुन्हा दोन चाकांवर बसू, हे त्यांनी मनात धरले होते. आम्ही ते मोडले नाही. तेव्हा ठरले की सायकल जशीच्या तशी ठेवायची, मागचे चाक काढायचे आणि त्या जागी नटबोल्टने बसेल अशी एक वेगळी चौकट करायची. चौकटीला दोन चाके. उद्या वाटले तर अर्ध्या तासात चौकट उतरवून जुने चाक परत चढवता यावे.

धाकट्या भावाने आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड केला आहे, त्यामुळे आम्हाला फार घमेंड होती. पहिल्या खेपेस आम्ही सोळा मिलिमीटरची सळई आणली, तिच्या दोन्ही टोकांना सायकलीची दोन साधी चाके पक्की जोडली, मध्ये फ्रीव्हील बसवले, चेन चढवली. गाडी सरळ रस्त्यावर झोकात गेली. पण कोपऱ्यावर हँडल वळवले तरी ती वळेना. मागचे टायर खरखर घासत सरळच ओढू लागले. आठवड्याभरात सळईही वाकली आणि चाके कुबड काढल्यासारखी आत झुकली.

आमच्या वस्तीत एक म्हातारे काका आहेत, तीसेक वर्षे सायकलरिक्षा ओढलेले. ते विड्या ओढत आमचा खेळ पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "दोनी चाकं बांधून टाकले अन् मंग वळन म्हनता? एक चाक मोकळं सोडा ना बाप्पा."

गोष्ट एवढीच होती. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. दोन्ही एकाच दांड्याला जखडली तर दोन्हींना सारखेच फिरावे लागते आणि एकाला तरी घासत जावे लागते. सायकलरिक्षाचे एकच चाक अ‍ॅक्सलबरोबर फिरते, दुसरे अ‍ॅक्सलवर मोकळे असते. म्हणूनच तीन सवाऱ्या घेऊनही ती वळते. इंग्लंडात हाच प्रश्न जेम्स स्टार्ली नावाच्या माणसाने १८७७ साली दातेरी चाकांच्या जुळणीने सोडवला. आज मोटारगाडीच्या मागच्या धुऱ्यात असते तीच ही जुळणी, डिफरन्शियल. स्टार्ली शेतकऱ्याचा मुलगा, आधी माळीकाम करणारा, मग शिलाई मशिने दुरुस्त करता करता सायकलींकडे वळलेला. आमची बहीण शिवणकाम करते, तिला हे ऐकून फार बरे वाटले. आणि योगायोग असा की त्याच १८७७ साली आमच्या नागपुरात एम्प्रेस मिलचा भोंगा पहिल्यांदा वाजला.

मिलचे नाव निघाले म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धाग्याला तोंड लावावे लागते, मग विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. बाबा ही हकीकत आम्हाला सायकलीवर डबल सीट नेताना सांगत. यंत्राला हात लावू दिला जात नव्हता अशा लोकांची आम्ही नातवंडे. म्हणून पहिला प्रयत्न फसला तरी यंत्र सोडून द्यायचे आम्हाला पटेना.

दुसऱ्या खेपेस कबाड्याकडून मोडीतल्या सायकलरिक्षाचा मागचा अ‍ॅक्सल दोन चाकांसकट आणला. रिक्षाच्या चाकांचे स्पोक जाड असतात. हे महत्त्वाचे आहे. दोन चाकांची सायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या चाकावर आडवा जोर येत नाही. तीनचाकी कलत नाही, सगळा जोर चाकाला आडवा बसतो. साधे चाक तिथे वेडेवाकडे होते, आमचे झाले तसे.

बहिणीने आता कारभार हातात घेतला. "आधी माणसाचं माप, मंग कापड," असे म्हणून तिने टेप काढला. बाबा सीटवर बसले की टाचा कुठवर येतात, आमचा बोळ किती, दार किती, सगळे वहीत लिहिले. बोळ तीन फुटांचा. तेव्हा चाकांमधले अंतर २८ इंच आणि नटांसकट एकूण रुंदी ३२ इंच ठरली. याहून अरुंद करू नये, गाडी कोपऱ्यावर कलंडते. लेथवाल्याने अ‍ॅक्सल एका टोकाकडून कापून टोक पुन्हा उतरवून दिले आणि फ्रीव्हीलची जागा सरकवून सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाच्या अगदी रेषेत आणली. रेष चुकली तर चेन उतरत राहते.

अ‍ॅक्सल २५ मिलिमीटरचा होता, म्हणून यूसीपी २०५ नंबरची दोन पेडस्टल बेअरिंगे घेतली. दुकानात जाताना एक हिशेब लक्षात ठेवावा. अशा नंबरातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले तर त्यांना ५ ने गुणावे, की भोकाचे मिलिमीटर निघतात. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. चौकट एक इंची चौकोनी पाइपची, १४ गेजची केली. त्याहून पातळ पत्रा घेऊ नये.

चौकट सायकलीला तीन ठिकाणी धरते. दोन बोल्ट मागच्या चिमट्याच्या खाचांत, जिथे जुन्या चाकाचा अ‍ॅक्सल बसत असे. पण दोनच जागी धरले तर चौकट बिजागरीसारखी वरखाली डुलते. म्हणून चौकटीतून दोन पातळ पाइप तिरपे वर नेऊन सीटखालच्या बोल्टमध्ये आवळले. नवा अ‍ॅक्सल जुन्या जागेपासून नऊ इंच मागे गेला. नऊ जाणारे आणि नऊ येणारे मिळून अठरा इंच चेन वाढली. चेनची कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे ३६ कड्या जास्त लागल्या. जुन्या चेनचा तुकडा जोडून काम झाले. बेअरिंगच्या बोल्टांसाठी भोके लांबट ठेवली, म्हणजे चेन सैल पडली की मागे ओढून आवळता येते. अ‍ॅक्सल याहून मागे नेण्याचा मोह होतो, सामानाला जागा मिळते म्हणून. नेऊ नये. तीन चाकांचा त्रिकोण पुढे निमुळता असतो, आणि बसणारा मागच्या रुंद बाजूपासून जितका दूर, तितकी गाडी कलंडायला सोपी.

फिरते चाक आम्ही डावे ठेवले. आपण डावीकडून चालतो आणि रस्ता मधोमध उंच, कडेला उतरता असतो, त्यामुळे तीनचाकी सारखी नालीकडे ओढते. डाव्या चाकाला जोर दिला की तो गाडीला थोडे उजवीकडे लोटतो आणि ती ओढ बरीचशी फिटते.

ब्रेकने आम्हाला सर्वांत जास्त रडवले. मागचे चाक गेले तसा मागचा ब्रेकही गेला. अ‍ॅक्सलवर एक लहान ड्रम आणि त्याभोवती लायनिंगचा पट्टा बसवला. पण बाबांना एकच हात. दोन लिव्हर ते कसे दाबणार? शेवटी पुढच्या ब्रेकच्या उभ्या दांडीलाच मागच्या पट्ट्याच्या केबलचे टोक आवळले. उजवी मूठ दाबली की दांडी वर जाते, पुढचा ब्रेक लागतो आणि मागचा पट्टाही ओढला जातो. जुन्या ट्यूबचे एक कडे कापून मुठीवर ठेवले आहे. ते लिव्हरवर चढवले की ब्रेक दाबलेलाच राहतो. चढता-उतरताना गाडी हलत नाही. डाव्या पायडलवर जुन्या चपलेचा पट्टा लावला, सहज निसटेल असा सैल. पाय बांधून टाकू नये, गाडी उलटली तर पाय तिच्याखाली येतो.

लेथ, बेअरिंग, पाइप, कबाड्याचा माल मिळून साडेतीन हजारांच्या आत खर्च आला. वेल्डिंग घरचे होते, मजुरी वहिनीच्या चहाची.

बाबांच्या आधी धाकट्याने चालवून पाहिली. जोरात आला, कोपऱ्यावर नेहमीच्या सवयीने सायकल कलवायला गेला, आतले चाक उचलले गेले आणि गाडीसकट नालीत. कोपर सोलले. रिक्षावाले काका हसले नाहीत. त्यांनी बाबांना बाजूला बसवून सांगितले की वळणाआधीच वेग मारायचा, अंग वळणाच्या आत टाकायचे आणि हँडल फक्त फिरवायचे, सायकलीसारखे झुकायचे नाही. ज्याला सायकल येते त्याला तीनचाकी शिकायला जास्त दिवस लागतात, असे ते म्हणाले. ते खरे निघाले. आमच्या भाचीने, जिला सायकल येत नाही, ती पहिल्याच संध्याकाळी चालवली. बाबांना मैदानात अकरा दिवस लागले. पहिले चार दिवस ते प्रत्येक वळणावर आम्हाला शिव्या देत होते. आईने नंतर हळूच सांगितले, "बोलू द्या. आठ महिने झाले, यवढा मोठा आवाज नाही निघाला त्याहीचा."

बाराव्या दिवशी रविवार होता. बाबांनी पांढरा सदरा घातला, मागच्या टोपलीत मेणबत्त्या आणि फुले ठेवली आणि बोळातून निघाले. आम्ही मागे चालत होतो, धरायचे नाही अशी सक्त ताकीद होती. विहारापाशी पोहोचलो आणि लक्षात आले की बहिणीने घराचे दार मोजले, बोळ मोजला, विहाराचे फाटक मोजायचे राहिले. ते ३० इंचांचे. गाडी ३२ इंचांची. समितीचे लोक धावत आले, खांब सरकवू, पुढच्या रविवारपर्यंत करून देऊ म्हणाले. बाबांनी ट्यूबचे कडे ब्रेकवर चढवले, काठी घेतली. "राहू द्या. पंधरा पावलं आहेत, चालतो मी," म्हणाले, आणि मोजून पंधरा पावले चालत आत गेले.

सायकलीचे जुने मागचे चाक आमच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेले आहे. महिन्यातून एकदा बाबा आम्हाला त्यात हवा भरायला लावतात.