मोटारीचा शौक आणि कायदा (लेखांक ६) : डाव्या स्टिअरिंगची गाडी

डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली मोटार भारतातील रस्त्यावर आणणे हाच गुन्हा आहे, असा समज जाणत्या शौकिनांमध्येही रुजलेला असला, तरी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये तशी सरसकट बंदी नाही. अधिनियमाचे कलम १२० एवढेच सांगते की, विहित स्वरूपाचे आणि चालू स्थितीतील यांत्रिक अथवा विजेवर चालणारे इशारा-साधन बसवलेले नसेल, तर असे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येणार नाही. चालकाने उजवा हात खिडकीबाहेर काढून वळण्याचा इशारा देण्याची पद्धत ज्या काळी सार्वत्रिक होती, त्या काळच्या विचारातून ही अट आलेली दिसते. कारण डावीकडे बसलेल्या चालकाचा हात उजवीकडून येणाऱ्यांना दिसणेच शक्य नसे. आज प्रत्येक मोटारीला इंडिकेटर असतात, त्यामुळे ही अट पाळणे अवघड राहिलेले नाही.

खरी अडवणूक रस्त्यावर नसून बंदरात आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणात, म्हणजे कोणता माल कोणत्या अटींवर देशात आणता येईल हे ठरवणाऱ्या दस्तऐवजात, वाहनांसाठी ८७ वे प्रकरण आहे. त्यानुसार नव्या मोटारीचे स्टिअरिंग व इतर नियंत्रणे उजवीकडे असावी लागतात, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा लागतो आणि दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा लागतो. शेवटची अट वरवर किरकोळ वाटली, तरी तांत्रिकदृष्ट्या तीच सर्वांत सयुक्तिक आहे. दिव्याचा खालचा झोत, ज्याला सर्वसाधारणपणे ‘डिपर’ म्हणतात, दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. तो रस्त्याच्या कडेकडे किंचित उंच आणि लांब जातो. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशासाठी बनवलेल्या गाडीत ही उंच बाजू उजवीकडे असते, म्हणजे भारतात ती थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडते. स्टिअरिंगबाबतचा आक्षेप प्रामुख्याने दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करण्याचा आहे. पुढच्या ट्रकच्या पलीकडे पाहण्यासाठी डावीकडे बसलेल्या चालकाला जवळजवळ सगळी गाडी समोरच्या मार्गिकेत काढावी लागते.

वापरलेल्या मोटारीवरील अटी आणखी कडक आहेत. ती उत्पादनापासून ३ वर्षांहून जुनी नसावी, आयातीनंतर किमान ५ वर्षे रस्त्यावर चालण्यायोग्य असावी, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच यावी, अशी ही तरतूद आहे. यावरील करांची बेरीजच गाडीच्या किमतीला मागे टाकते. या अटींमागे शौकिनांविषयी काही भूमिका होती असे मानण्याचे कारण नाही. परदेशातील टाकाऊ गाड्यांचा लोंढा येऊन देशी उद्योग बुडू नये, हा त्यांचा उघड हेतू आहे आणि शौकीन त्या जाळ्यात अनायासे अडकला आहे.

वयाच्या दुसऱ्या टोकाला मात्र दार उघडते. पूर्वी ते १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांपुरते होते. २०२५ मध्ये ही गोठलेली तारीख जाऊन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे हा सरकता निकष आला, म्हणजे दरवर्षी आणखी एका वर्षाच्या गाड्या पात्र ठरू लागल्या. अशा व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची चौकट केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्येच घातली गेली होती : नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये आणि राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण असलेली पाटी. गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन वा दुरुस्ती यांसाठी बाहेर काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही. शिवाय तिची सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली मूळ अवस्था अपेक्षित आहे. स्टिअरिंग उजवीकडे नेणे म्हणजे स्टिअरिंग बॉक्स, डॅशबोर्ड, पेडल आणि वायपर यांची नव्याने मांडणी करणे. तेव्हा जे बदलण्याचा आग्रह नव्या गाडीबाबत धरला जातो, तेच पन्नाशी ओलांडलेल्या गाडीत जसेच्या तसे ठेवण्यातच तिचे मोल असते.

मधली, म्हणजे ३ ते ५० वर्षांमधली पोकळी हा भारतीय शौकिनाच्या तक्रारीचा गाभा आहे. १९९० ची एखादी स्पोर्ट्स कार त्याला कोणत्याही बाजूच्या स्टिअरिंगसह आणता येत नाही. डावीकडूनच वाहतूक चालणाऱ्या न्यूझीलंडमध्ये २० वर्षे पूर्ण झालेली डाव्या स्टिअरिंगची मोटार खास परवान्याशिवाय आणता येते आणि अमेरिकेत २५ वर्षांनंतर संघराज्याच्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते. या दोन आकड्यांशी तुलना करता ५० वर्षांची मर्यादा फारच लांबची वाटते. (पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलली, तरी डावीकडून चालणाऱ्या शेजाऱ्यांमुळे गोवा डावीकडेच राहिला, अन्यथा १९६१ मध्ये गोवा भारतात आल्यावर डाव्या स्टिअरिंगचा प्रश्न वेगळ्याच स्वरूपात उभा राहिला असता.)

परदेशी पर्यटक मात्र आपली डाव्या स्टिअरिंगची गाडी तात्पुरती आणू शकतो. ‘कार्ने’ हा त्याचा आधार. गाडी मुदतीत परत नेली जाईल आणि न नेल्यास सीमाशुल्क भरले जाईल, अशी ती मोटार संघटनेने दिलेली हमी असते. २०२२ च्या नियमांनुसार त्याने नोंदणी प्रमाणपत्र, परवाना, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते, आणि भारताच्या हद्दीत स्थानिक प्रवासी किंवा माल नेण्यास त्या गाडीला मनाई आहे.