घाट, ट्रॉली आणि तापमानाचा काटा

डिझेल व्हॅनला ट्रॉली जोडून कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकतो, तसा चालकाचा जीवही वर येतो. डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच कामी येते; बाकीची उष्णता होऊन धुरावाटे आणि रेडिएटरमधून जाते. ओझं वाढलं की हे सारंच वाढतं. त्यात आपली खोड अशी, की डिझेल वाचवायला वरचाच गिअर धरून ठेवायचा! इंजिन कण्हतं, पाण्याचा पंप मंदावतो. चढाला खालचा गिअरच घ्यावा. डिझेल वाचवायचं ते सपाटीवर, वेग आवरून. काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर सोडावा, उकाडा सोसावा. थांबल्यावर रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडू नये. दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.