दवाखान्याचं बिल योजनेवर, गटाचा पैसा बाकीच्या खर्चाला

मैत्रिणींनो, आपल्या गटाचं कर्जाचं रजिस्टर काढून बघा. बियाणं, शेळी, शिलाई मशीन अशी कारणं लिहिलेली दिसतील आणि मधेमधे नुसतं 'दवाखाना'. आमच्या गटातल्या एका ताईने मागे पावसाळ्यात नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी साठ हजार उभे केले. वीस हजार गटातून आणि चाळीस हजार बाहेरून, शेकडा पाच रुपये महिन्याने. म्हणजे महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. सोयाबीन निघालं ते त्यातच गेलं. नंतर कळलं की तेच ऑपरेशन अकोल्यातच दुसऱ्या दवाखान्यात योजनेतून झालं असतं. रेशनकार्ड घरी पेटीत होतं. "कोणी मागतलंच नाही न बाई," ती म्हणाली. अन् आपण कोणी तिला सांगितलंही नाही, हे मला जास्त लागलं.

ही योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये सगळ्या राज्यात आली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. पूर्वी पिवळं आणि केशरी कार्डच चालायचं. वाशिम शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्याने आपल्याकडे पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं होतं, पण सातबारा लागायचा. जुलै २०२४ पासून ही अट गेली. कार्ड कोणत्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. केंद्राची आयुष्मान भारत योजनाही याच्याशीच जोडलेली आहे. 'आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला कुठून मिळते' असं म्हणणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगा.

पण योजना सगळ्याला नाही. ठरावीक उपचार आहेत, त्यातले काही फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहेत. आणि दवाखाना योजनेत असला पाहिजे. म्हणून पेशंटची तब्येत थांबण्यासारखी असेल तर भरती करण्याआधी १५५३८८ वर फोन करून विचारा, आपल्या उपचाराचा जवळचा दवाखाना कोणता. दवाखान्यात गेल्यावर पैसे भरायच्या खिडकीकडे नाही, आधी आरोग्यमित्राकडे जायचं. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद त्याच्याकडे द्यायचे. तो नोंद करतो, दवाखाना मंजुरी मागतो, मग उपचार होतात. तातडीचा पेशंट असेल तर कागदासाठी थांबायचं नाही. १०८ बोलवा, भरती करा, आणि घरच्या दुसऱ्या माणसाला त्याच दिवशी कार्ड घेऊन पाठवा.

मंजुरी मिळाली की खाट, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि सुट्टी झाल्यावर घरी परतायचं एसटीचं भाडं, हे सगळं पॅकेजमध्ये असतं. कोणी डिपॉझिट मागितलं किंवा औषधाची चिठ्ठी बाहेरून आणायला दिली तर भांडत बसू नका. आरोग्यमित्राला सांगा, बिल जपून ठेवा, त्याच नंबरवर तक्रार करा.

बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, साधा ताप यात बसत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. अकोल्याच्या सर्वोपचारसारखे वैद्यकीय महाविद्यालयाचे दवाखाने मात्र या निर्णयात नव्हते, तिथे जाताना योजनेचे कागद सोबत हवेतच.

आता राहिला तो खर्च जो कोणतीच योजना देत नाही, आणि घर खरं तिथेच वाकतं. सोबत राहणाऱ्याचं जेवण, मानोऱ्याहून अकोल्याला चार चकरा, बुडालेली मजुरी, मागे राहिलेली जनावरं अन् लेकरं. गटाचं कर्ज इथे वापरायचं. शेकडा दोन रुपयांनी पाच हजार घेतले तर महिन्याला शंभर रुपये व्याज, ते झेपतं. अगदीच अडलेलं घर असेल तर ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी, म्हणजे आपला व्हीआरएफ, अशाच वेळेसाठी आहे. तो मागायला लाजायचं कारण नाही, तो आपलाच आहे. माझं तर मत आहे की दवाखान्यासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला अध्यक्षाने पहिला प्रश्न 'किती पाहिजे' असा न विचारता 'आरोग्यमित्राला भेटली का' असा विचारावा. तिला एकटीला जमत नसेल तर एक शिकलेली मैत्रीण सोबत पाठवावी. गाडीभाडं गटाने दिलं तरी स्वस्तच पडतं.

एक अडचण नेहमी येते. नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, किंवा आधारवर 'सुनिता' आणि कार्डावर 'सुनंदा'. ऐनवेळी ते दुरुस्त होत नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी रेशनकार्ड आणि आधार घेऊन या, सीआरपी ताई एकेक नाव ताडून बघतील. ज्यांच्या घरी तान्हं लेकरू आहे आणि त्याचं नाव कार्डावर चढलं नाही, त्यांनी त्याचा जन्मदाखलाही आणा.