रुतलेलं नख: अख्खं काढायचं की फक्त कड?

आजचा छोटा एपिसोड पायाच्या अंगठ्यावर. नखाची कड मांसात रुतते, बोट सुजतं, पू होतो, बूट घालवत नाही. मग आपण नेलकटरने कोपरा खोल कापतो. दोन दिवस बरं वाटतं, पण आत राहिलेलं टोक वाढताना पुन्हा रुततं.

अख्खं नख काढलं तरी प्रश्न सुटेलच असं नाही. मूळ तसंच राहिलं, तर नवं नखही रुतू शकतं. बग तसाच ठेवून अ‍ॅप रीस्टार्ट केल्यासारखं!

म्हणून डॉक्टर बऱ्याचदा फक्त रुतलेल्या कडेची पट्टी काढतात. आधी बोटाच्या बुडाशी भुलीचं इंजेक्शन. ते टोचताना दुखतं, मग बोट बधिर होतं. पट्टी काढल्यावर तेवढ्याच मुळाला फिनॉल नावाचं रसायन लावतात (फरशीचं फिनाईल नव्हे!). त्यामुळे ती कड सहसा परत उगवत नाही. बाकीचं नख शाबूत, आणि त्याच दिवशी घरी. काही आठवडे जखमेतून थोडं पाणी येतं, ड्रेसिंग करावं लागतं.

तेव्हा डॉक्टरांना नक्की विचारा, 'मुळाचं काय करणार?' डायबेटिस असेल तर घरी कापाकापी नकोच, थेट दवाखाना. आणि एरवी नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!